परमिट कुणाच्या नावावर?

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या आयआयएममधल्या एका कार्यक्रमात नितीन गडकरींनी सांगून टाकलं की बिनचालक गाड्या ते भारतात कधीच येऊ देणार नाहीत, कारण त्या आल्या तर 70-80 लाख चालकांच्या पोटावर पाय येईल. 2017 मध्येही ते असंच म्हणाले होते.

वाचलं तेव्हा बरं वाटलं. यंत्राची आरती ओवाळणारे पुष्कळ असतात, स्टिअरिंगमागच्या माणसाची आठवण काढणारा मंत्री विरळा. पण त्या वाक्यातून चालकाच्या पदरात नेमकं काय पडलं हे बघायला गेलं, तर पदर रिकामाच निघतो. मोटार वाहन कायदा गाडी चालवणारा म्हणून लायसन्स असलेला माणूसच धरून चालतो, त्यामुळे आज या गाड्यांना तसंही दार बंद आहे. ते उघडायला उद्या एक दुरुस्ती पुरेल. मंत्री बदलतात, खाती बदलतात. ॲपवाल्या टॅक्सींचंच बघा. 'ॲग्रिगेटर', म्हणजे ॲपवरून सवारी आणि चालक जुळवून देणारी कंपनी, हा शब्द आपल्या कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आला. तोवर त्या टॅक्सी शहरांत रुळून काही वर्षं झाली होती. आपल्याकडे वरात आधी येते, मुहूर्त नंतर काढतात.

म्हणून 'येऊ देणार नाही' या आश्वासनाची मला धास्ती वाटते. ज्या गोष्टीला आपण येऊच देणार नाही, तिच्यासाठी अटी कशाला लिहायच्या? आणि अटी न लिहिता ती आली, तर अटी आणणाऱ्याच्या असतील.

दुसरं एक समाधान आपण स्वतःच स्वतःला देत असतो. ही असली गाडी भेंडी बाजारात संध्याकाळी सात वाजता चालवून दाखवा म्हणावं! हातगाडी आडवी, उलट्या दिशेने येणारी स्कूटर, लेनच्या पट्ट्या पुसलेल्या, पुढे मांडवाची कमान, आणि पावसाळा असेल तर पाण्याखाली खड्डा आहे की गटाराचं झाकण उघडं आहे हे महापालिकेलाही ठाऊक नसतं. तिथे आपला टॅक्सीवाला हॉर्न, हात आणि डोळ्यांच्या इशाऱ्यावर वाट काढतो. यंत्राचा काय टिकाव लागणार?

हे सगळं खरं आहे, आणि तरी त्यात मोठी फसगत आहे. बिनचालक टॅक्सीला भेंडी बाजारात शिरायची गरजच नाही. गूगलच्या घरातल्या वेमो कंपनीने 2018 च्या डिसेंबरात धंदा सुरू केला तो ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या उपनगरांत. रुंद रस्ते, आखीव पट्ट्या, वर्षभर लख्ख ऊन, पाऊस नावाला. नकाशावर एक तुकडा आखायचा, तो सेंटिमीटर-सेंटिमीटर मोजायचा, तिथेच गाडी चालवायची आणि जमलं की तुकडा वाढवायचा, अशी त्यांची पद्धत. तिथून सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, ऑस्टिन, अटलांटा. एप्रिल 2025 पर्यंत पैसे मोजून केलेल्या फेऱ्या आठवड्याला अडीच लाख. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळाची परवानगी मिळायला मात्र 2025 चा सप्टेंबर उजाडला, आणि तोवर कंपनीने त्या परवानगीचा पिच्छा सोडला नाही. कारण टॅक्सीच्या धंद्यात विमानतळ म्हणजे दुधावरची साय.

आता मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. विमानतळ ते बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ल्याचं कचेऱ्यांचं संकुल. कोस्टल रोड. 21.8 किलोमीटरचा अटल सेतू, ज्यावर ना फेरीवाला, ना रिक्षा, ना दुचाकी. पलीकडे नवी मुंबईचा नवा विमानतळ. असे चार-सहा पट्टे निवडले तर यंत्राची परीक्षा एकदम सोपी होते. आणि टॅक्सीवाल्याचा दिवस नेमका याच भाड्यांवर उभा असतो. मुंबईत काळी-पिवळीचं कमीत कमी भाडं 31 रुपये आहे, दीड किलोमीटरला. अशी भाडी मारून जेमतेम गॅस आणि मालकाचा रोजचा पैसा निघतो. घरी जो पैसा जातो, तो दिवसातून एक-दोनदा मिळणाऱ्या लांबच्या भाड्याचा. ती साय कंपनीने काढून घेतली आणि उरलेलं ताक, म्हणजे वळणावळणाच्या गल्ल्या, स्टेशनबाहेरची 31 रुपयांची भाडी, कुलाब्याच्या गर्दीत अर्धा तास अडकणं, हे माणसाकडे ठेवलं, तर 'चालकांची नोकरी गेली' असा मथळा कुठेच छापून येणार नाही. टॅक्सी दिसतीलही. फक्त त्या चालवून घर चालणार नाही.

खरं तर चालक काढून टाकण्याचं अर्धं काम होऊन गेलंय. जुना टॅक्सीवाला म्हणजे काय होतं? खिशात बिल्ला, गाडीवर परमिट, डोक्यात शहराचा नकाशा, स्टँडवर आपला नंबर. कुठे थांबायचं, कोणत्या वेळी कुठल्या नाक्यावर सवारी मिळते, पाऊस धरला तर पाणी तुंबणारा हिंदमाता परिसर टाळून कुठून काढायचं, ही त्याची विद्या. ॲपने नकाशा त्याच्या डोक्यातून काढून फोनमध्ये घातला, भाडं ठरवायचं मीटरकडून काढून सर्व्हरकडे नेलं, आणि गिऱ्हाईक कुणाचं, तर कंपनीचं. त्याच्याकडे उरले दोन हात, दोन पाय आणि गाडीचा हप्ता. बिनचालक गाडी हातपाय काढून घेईल. जुलै 2025 मध्ये आझाद मैदानात ॲपवाले चालक आंदोलनाला बसले होते, ते काही रोबोविरुद्ध नव्हते. हातात किती पडतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

(आमच्या टॅक्सीवाल्यांचं कौतुक करताना जीभ जरा अडखळते, हेही सांगून टाकतो. रात्री साडेअकराला दादरला आजारी आईला घेऊन उभा होतो तेव्हा ओळीने सहा जणांनी नकारार्थी मान हलवली होती. सातव्याने विचारलं, "मीटरपेक्षा पन्नास जास्त देणार का?" दिले.)

हा राग खरा आहे आणि यंत्राच्या बाजूचं सगळ्यात मोठं भांडवल तोच आहे. गाडी भाडं नाकारत नाही, 'कुठे जायचंय' विचारून बुकिंग रद्द करत नाही. रात्री एकट्या निघालेल्या मुलीला आरशातून न्याहाळणारं कुणी पुढे बसलेलं नसतं. हा शेवटचा मुद्दा मला कुठल्याच युक्तिवादाने खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. दुसरीकडे, अपघात कमी होतील हा मुद्दा जितका मोठ्याने सांगितला जातो तितका तो टॅक्सीला लागू नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातली सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. अटल सेतूवरून विमानतळाला जाणारी रोबोटॅक्सी बीडच्या घाटात ट्रकखाली आलेल्या दुचाकीस्वाराला वाचवणार नाही.

आणि अपघात झालाच तर? मार्च 2018 मध्ये ॲरिझोनातल्या टेम्पी गावात उबरच्या चाचणीच्या गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. बाई गेली. गाडी स्वतः चालत होती, आत एक देखरेखीची चालक बसलेली होती. सरकारी वकिलाने वर्षभराने सांगितलं की कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही. खटला चालला तो त्या देखरेखीच्या चालकावर. 2023 मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची प्रोबेशन झाली. तिचं लक्ष फोनकडे होतं असा आरोप होता, म्हणजे तिची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. पण शाबासकी सॉफ्टवेअरला आणि बेड्या माणसाला, ही वाटणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाच वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या एका गाडीने उडवलेली पादचारी बाई जनरल मोटर्सच्या क्रूझ या बिनचालक टॅक्सीखाली आली आणि टॅक्सी तिला सुमारे 20 फूट फरपटत घेऊन गेली. या वेळी आत कुणीच नव्हतं. तेव्हा मात्र राज्याच्या मोटार वाहन खात्याने कंपनीचाच परवाना रोखला, आणि 2024 च्या अखेरीस जनरल मोटर्सने तो धंदाच गुंडाळला. पहिल्या प्रकरणात पकडायला माणूस होता, दुसऱ्यात नव्हता. दुसऱ्यात हिशेब कंपनीपर्यंत पोचला तो परवाना सरकारच्या हातात होता म्हणून.

परवाना. परमिट. माझं सगळं म्हणणं या एका कागदाभोवती आहे.

माझे एक काका लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 1982 च्या संपात ते बसले आणि पुन्हा कधी साच्यापुढे उभे राहिले नाहीत. लहानपणी वाटायचं, गिरण्या जुन्या झाल्या म्हणून कामगार गेला. पुढे कळलं की जुन्या यंत्राची खंत कुणालाच नव्हती, सगळ्यांचा डोळा यंत्राखालच्या जमिनीवर होता. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरली: एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियमाचे चार शब्द बदलले आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेची उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. आज त्या जागी काय उभं आहे ते लोकलच्या खिडकीतूनही दिसतं. कामगार हरला तो यंत्रापुढे नाही, त्या चार शब्दांपुढे.

टॅक्सीच्या धंद्यात ती जमीन म्हणजे सार्वजनिक रस्ता, आणि तिचा सातबारा म्हणजे परमिट. रस्ता कंपनीने बांधलेला नाही. सेतू, कोस्टल रोड, उड्डाणपूल सगळे तुमच्या-माझ्या पैशाचे. त्यावर भाड्याची गाडी फिरवायचा हक्क सरकार देतं. तो कुणाच्या नावाने द्यायचा हे ठरवायला कुठल्याही सेन्सरची वाट बघावी लागत नाही.

हा कागद सरकारने बेफिकिरीने हाताळला की काय होतं, याचा दाखला न्यूयॉर्कमध्ये आहे. तिथल्या पिवळ्या टॅक्सीच्या परमिटला मेडॅलियन म्हणतात. शहराने ते लिलावात विकले, उत्तम गुंतवणूक म्हणून त्यांच्या जाहिराती केल्या, आणि 2014 च्या सुमाराला एकेकाची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली. घेणारे बहुतेक बाहेरून आलेले, आपल्या उपखंडातले पुष्कळ, सगळे कर्जावर. मग ॲपच्या गाड्या विनामेडॅलियन रस्त्यावर आल्या, किंमत कोसळली, कर्ज जागच्या जागी राहिलं. 2018 मध्ये एकामागून एक चालकांनी जीव दिला. 2021 मध्ये सिटी हॉलबाहेर पंधरा दिवसांचं उपोषण झाल्यावर कर्जाची मुद्दल 1,70,000 डॉलरपर्यंत खाली आणून शहराने हमी घेतली. त्या उपोषणात बसलेले झोहरान ममदानी आज शहराचे महापौर आहेत. या सगळ्या कहाणीत बिनचालक गाडी कुठेही नाही. सरकारने एका हाताने कागद विकला आणि दुसऱ्या हाताने तो निकामी केला, एवढंच.

आपल्याकडे आज पंचविशीतला मुलगा बिल्ला काढतो, कर्ज घेतो, पाच-सात वर्षांचे हप्ते बांधून घेतो. हा धंदा त्याला 2060 पर्यंत पुरेल हे त्याने गृहीत धरलेलं असतं. गाडीच्या बाबतीत सरकार असं अंधारात ठेवत नाही. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मुदत आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी ताडदेवला ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली, आणि या मुदतीमुळे ती ऑक्टोबर 2023 मध्ये जाणार हे मालकाला बरंच आधी ठाऊक होतं. गाडीला काही वर्षांची नोटीस, माणसाला एका भाषणाची.

मग अटी काय असाव्यात? पहिली मला अगदी साधी दिसते. महाराष्ट्रात बिनचालक टॅक्सीचं परमिट द्यायचंच झालं तर ते आजच्या परमिटधारकाला आणि बिल्लाधारकाला, किंवा त्यांच्या सहकारी संस्थेला. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने यंत्र विकावं, भाड्याने द्यावं, दुरुस्त करावं. रस्त्याचा सातबारा तिच्या नावे नको. आजच्या नियमांतली पळवाट इथेच आहे. केंद्राच्या ॲग्रिगेटरविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःची गाडी घेऊन आलेल्या चालकाला भाड्यातले किमान 80 टक्के द्यावेत असं म्हटलंय. चांगलं आहे. पण गाडीही कंपनीची आणि चालकच नाही, तर ते 80 टक्के कुणाचे?

यावर हमखास येणारा प्रश्न असा की एवढी महाग गाडी टॅक्सीवाला कुठून घेणार? उसाच्या शेतकऱ्याला तरी साखर कारखाना एकट्याने परवडला असता का? प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी 1950 च्या सुमाराला तो उभा केला तो शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून, सरकारी भांडवलाच्या आधाराने. पुढे सहकाराचं काय झालं ते मला सांगू नका, मी त्याच महाराष्ट्रात राहतो. चेअरमनच्या बंगल्याची उंची आणि सभासदाच्या बिलाची उंची यांचं गणित मलाही येतं. तरीसुद्धा उसाच्या पट्ट्यातला शेतकरी आणि कापसाच्या पट्ट्यातला शेतकरी शेजारी उभे केले तर फरक दिसतो, आणि त्यातला काही वाटा यंत्र कुणाच्या मालकीचं होतं याचा आहे. केंद्र सरकारनेही 2025 मध्ये सहकारी टॅक्सीची कल्पना लोकसभेत मांडली. ती चालकाच्या गाडीसाठी मांडली जाऊ शकते, तर बिनचालक गाडीसाठी का नाही?

दुसरी अट लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या आकारणीची. 1969 चा माथाडी कायदा या राज्याने केला तेव्हा पाठीवर पोतं वाहणाऱ्या माणसाला ना ठरलेला मालक होता, ना फंड, ना ग्रॅच्युइटी. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने तो प्रश्न धसास लावला. उत्तर मोठं देखणं निघालं. मालक ठरलेला नाही ना, मग मंडळ नेमा; जो माल हलवून घेईल त्याने मजुरी आणि त्यावर लेव्ही मंडळात भरावी, मंडळाने ती कामगाराला द्यावी. ॲपच्या कामगारांसाठी कंपनीच्या उलाढालीच्या 1-2 टक्क्यांचा नियम सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, कर्नाटकाने तर प्रत्येक व्यवहारावर 1 ते 5 टक्के आकारण्याचा कायदा केलाय. दोन्हीकडे मोजमाप शेवटी चालकाला मिळणाऱ्या पैशाशी बांधलेलं. माझी मागणी उलटी आहे: ज्या फेरीत चालक नाही, त्या फेरीवर लेव्ही जास्त. तो पैसा चालक मंडळात जमा व्हावा आणि बिल्लाधारकाच्या कर्जाला, पन्नाशीनंतरच्या पेन्शनला, दुसरं काही शिकू पाहणाऱ्याच्या दोन वर्षांच्या घरखर्चाला लागावा.

प्रवाशाला यात चार पैसे जास्त पडतील. पडू देत. पगाराच्या पावतीवर दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो, तो 1975 मध्ये मुळात रोजगार हमीसाठी लावला गेला होता. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलावा, हे या राज्याने मान्य केलं होतं. विमानतळाला जाणाऱ्याने टॅक्सीवाल्यासाठी थोडा भार उचलणं त्यापेक्षा अवघड नसावं.

या अटी घातल्या तर कंपन्या येणारच नाहीत, दुसरं राज्य त्यांना पायघड्या घालेल, असंही म्हणतील. म्हणू देत. मुंबई-पुण्याचे रस्ते सोडून टॅक्सीचा धंदा करणारी कंपनी मला तरी दिसत नाही. आणि घाई तिला आहे, आपल्याला नाही. आपल्याकडे माणसाची मजुरी अजून सेन्सरपेक्षा स्वस्त आहे. तीच आपल्या हातातली वेळ. लाजिरवाणी, पण वेळ.

परवा ठाण्याहून येताना हे सगळं मी टॅक्सीच्या मालक-चालकाला ऐकवलं. माणूस बीडकडचा, दहा वर्षं मुंबईत गाडी चालवणारा. त्याने ऐरोलीच्या सिग्नलपर्यंत काही न बोलता ऐकून घेतलं.

"काका, पंक्चर झाली तर ती गाडी काय करते?"

मी सांगितलं, बाजूला जाऊन उभी राहते. मग डेपोतून माणसं येतात. गाडी धुवायला, चार्जिंगला लावायला, टायर बदलायला तिथे माणसं असतातच.

"म्हणजे माणसं ठेवतात."

"ठेवतात ना."

सिग्नल सुटला. त्याने गिअर टाकला.

"पगारावर?"